तो लाल चाकू घ्यावा का?

तुमच्या ट्रेकच्या ग्रुपमध्ये असा एक जण असतोच. गडावर पोचल्यावर बाकीचे सॅक टाकून आडवे होतात आणि हा मात्र शांतपणे खिशातून एक लाल, चकचकीत वस्तू काढतो. त्यावर पांढरा क्रॉस. टक् करून पातं उघडतं, काकडीच्या चकत्या पडायला लागतात आणि सगळ्यांच्या नजरा काकडीवरून चाकूवर जातात. ‘ओरिजिनल स्विस आहे,’ तो सहज बोलल्यासारखं सांगतो. घरी परतताना बसमध्ये निम्मा ग्रुप मोबाईलवर त्याची किंमत शोधत असतो.

किंमत बघून पहिला झटका बसतो. किचेनला लटकेल एवढ्याशा चाकूला दोन हजारांच्या आसपास? आणि मोठ्याला त्याच्या तीन-चार पट? एवढ्या पैशांत चांगले ट्रेकिंग शूज येतील, निदान चांगली हेडलाईट तरी येईल. मग मनात प्रश्न येतो: हे नाव खरंच एवढं मोठं आहे, की आपण त्या लाल रंगाचे आणि पांढऱ्या क्रॉसचे पैसे देतोय?

मी कॉलेजला असताना हा प्रश्न फार सोप्या पद्धतीनं सोडवला होता. फुटपाथवर तसाच दिसणारा लाल चाकू दीडशे रुपयांना मिळाला. अकरा-बारा हत्यारं, वर पांढरा क्रॉस. अजून काय पाहिजे? दोन महिन्यांनी एका पावसाळी ट्रेकला ओल्या दोरीची गाठ सुटेना, म्हणून मी पात्याचं टोक गाठीत खुपसून जोर लावला. पातं उलटं फिरलं आणि मिटलं. मध्ये माझी तर्जनी होती. रुमाल बांधून गड उतरलो, खालच्या गावात तीन टाके पडले. ती बारीक पांढरी रेघ अजून बोटावर आहे.

त्यानंतर बरीच वर्षं मी सगळ्यांना एकच सांगायचो, ‘स्वस्तातला घेतला म्हणून बोट कापलं, ओरिजिनल घ्या.’ पुढं खरा चाकू वापरायला लागल्यावर, त्याच्याबद्दल वाचायला लागल्यावर लक्षात आलं की मी अर्धवट सल्ला देत होतो. तर आज त्या नावाची नीट झडती घेऊ.

आधी थोडी गोष्ट

कंपनीचं नाव व्हिक्टोरिनॉक्स. कार्ल एल्सेनर नावाच्या तरुणानं १८८४ मध्ये स्वित्झर्लंडच्या श्वित्स परगण्यातल्या इबाख या गावी चाकू-सुऱ्यांचा कारखाना काढला. तेव्हा तो चोविशीत होता, म्हणजे तुमच्यापेक्षा फार मोठा नाही. तेव्हाचा स्वित्झर्लंड म्हणजे बँका आणि चॉकलेट नव्हे. गरीब देश होता, कामासाठी माणसं परदेशी जात होती. गावातच रोजगार मिळावा, हा त्याचा हेतू होता.

त्याच सुमाराला स्विस सैन्यानं प्रत्येक सैनिकाला घडीचा चाकू द्यायचं ठरवलं. कारण अगदी व्यवहारी होतं. नवी रायफल आली होती आणि ती खोलायला स्क्रू ड्रायव्हर लागायचा. डबाबंद जेवणही आलं होतं, ते उघडायला ओपनर लागायचा. म्हणून एकाच मुठीत पातं, टोचा, कॅन ओपनर आणि स्क्रू ड्रायव्हर असा चाकू ठरला. गंमत म्हणजे, पहिला मोठा लॉट जर्मनीतल्या झोलिंगन शहरातून आला. तेवढे चाकू बनवू शकेल असा कारखाना स्वित्झर्लंडमध्ये नव्हताच.

एल्सेनरला हे खटकलं. त्यानं देशातल्या चाकूवाल्यांना एकत्र केलं आणि १८९१ पासून सैन्याला माल द्यायला सुरुवात केली. पण झोलिंगनचे कारखाने मशीनवर, स्वस्तात माल काढत होते. सोबतचे एकेक करून गळाले, एल्सेनर तेवढा टिकला. पैसे बुडाले, नातेवाइकांनी सावरलं. स्वस्त आयात मालासमोर स्थानिक कारागीर झगडतोय, ही गोष्ट आपल्याला काही नवी नाही.

त्याला वाचवलं एका युक्तीनं. सैनिकाचा चाकू दणकट होता, पण जड होता. एल्सेनरनं मुठीच्या दोन्ही बाजूंना हत्यारं बसवली आणि दोन्हींना तीच स्प्रिंग वापरली. त्यामुळं वजन फार न वाढवता दुसरं छोटं पातं आणि कॉर्कस्क्रू मावला. १२ जून १८९७ रोजी या ‘ऑफिसर्स अँड स्पोर्ट्स नाइफ’ची नोंदणी झाली. आज तुम्ही ज्याला स्विस नाइफ म्हणता, तो याच चाकूचा वंशज.

१९०९ मध्ये एल्सेनरची आई वारली. तिचं नाव व्हिक्टोरिया, तेच त्यानं ब्रँडला दिलं. १९२१ मध्ये गंज न धरणारं पोलाद वापरात आलं. त्याला फ्रेंचमध्ये ‘इनॉक्स’ म्हणतात. आईचं नाव अधिक पोलादाचं नाव, झालं व्हिक्टोरिनॉक्स.

आता पहिला गैरसमज. ‘स्विस आर्मीचा चाकू’ म्हणून आपण जो लाल चाकू मिरवतो, तो स्विस सैनिकांना कधी मिळालाच नाही. सैनिकांचा चाकू आधी गडद लाकडी मुठीचा होता, मग फायबरच्या, मग चंदेरी ॲल्युमिनियमच्या. २००८ च्या मॉडेलपासून तो हिरवा-काळा आहे. कॉर्कस्क्रू त्यात कधीच नव्हता. लाल चाकू अधिकाऱ्यांनी हवा तर स्वतःच्या पैशांनी घ्यायचा. मग ‘स्विस आर्मी नाइफ’ हे नाव आलं कुठून? दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात असलेल्या अमेरिकन सैनिकांनी हे चाकू भेट म्हणून भराभर विकत घेतले. मूळ जर्मन नाव त्यांच्या तोंडात बसेना, म्हणून त्यांनी आपलं सोपं नाव ठेवलं. म्हणजे ज्या नावावर ब्रँडची जगभर ओळख आहे, ते गिऱ्हाइकांनी दिलेलं टोपणनाव आहे.

पोलादात काय विशेष?

फारसं काही नाही. हे वाचून दचकू नका.

चाकूच्या पोलादाचा कठीणपणा रॉकवेल नावाच्या मापात मोजतात. व्हिक्टोरिनॉक्सचं पातं साधारण ५६ च्या आसपास असतं. अमेरिकेतले स्पायडर्को, बेंचमेड यांसारखे महागडे ब्रँड जी आधुनिक पोलादं वापरतात, ती ६० च्या आसपास जातात. क्रिस रीव्ह या मूळ दक्षिण आफ्रिकेच्या कारागिराचा ‘सेबेंझा’ नावाचा घडीचा चाकू तर शेकडो डॉलर्सना विकला जातो. सेबेंझा म्हणजे झुलू भाषेत ‘काम’. अशा चाकूंचे शौकीन व्हिक्टोरिनॉक्सच्या पोलादाला ‘मऊ’ म्हणतात, आणि ते खोटं नाही. महागड्या पात्याची धार जास्त दिवस टिकते.

पण तुम्ही चाकूचे शौकीन नाही. तुम्ही वर्षातून आठ-दहा ट्रेक करणार, हॉस्टेलवर पार्सल उघडणार, आंबा कापणार. तुमच्यासाठी दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा: धार गेल्यावर काय? कठीण पोलादाला धार लावायला हिऱ्याची कणी लावलेले दगड लागतात आणि हात बसलेला लागतो. मऊ पोलादाची धार लवकर जाते, पण घरातल्या धार लावायच्या साध्या दगडावर दहा मिनिटांत परत येते. पातं दगडाशी १५ ते २० अंशांत धरायचं आणि दोन्ही बाजूंनी सारखं ओढायचं. शिवाय मऊ पातं दगडावर आपटलं तर वाकतं किंवा मुडपतं, पण सहसा त्याचा कपचा उडत नाही. वाकलेलं सरळ होतं, उडालेला कपचा परत येत नाही.

खरी मेहनत दिसते ती वेगळ्याच ठिकाणी. या चाकूत सगळं पोलाद एकाच कठीणपणाचं नसतं. पातं ५६, कात्री आणि नखांची कानस ५३, स्क्रू ड्रायव्हर आणि कॅन ओपनर ५२, कॉर्कस्क्रू आणि स्प्रिंगा ४९. का? पात्याला धार धरायची असते, म्हणून ते कठीण. स्क्रू ड्रायव्हरला पीळ सोसायचा असतो, तो फार कठीण केला तर टोक तुटेल. स्प्रिंगेला हजारो वेळा वाकून परत यायचं असतं, म्हणून ती सगळ्यांत मऊ. माझ्या दीडशे रुपयांच्या चाकूत सगळं एकाच पत्र्यातून कापल्यासारखं होतं. ओपनर पहिल्याच डब्याला वाकला, आणि तरी मी तो चाकू ट्रेकला घेऊन गेलो. चूक कोणाची ते तुम्हीच ठरवा.

दुकानात हे ओळखायची सोपी पद्धत आहे. प्रत्येक हत्यार उघडा आणि मिटा. उघडताना सुरुवातीला ताण, मग शेवटी ‘टक्’ आवाज करून ते जागेवर बसलं पाहिजे. मिटताना शेवटच्या टप्प्यात स्प्रिंगेनंच ओढून घेतलं पाहिजे. उघडलेलं पातं डावी-उजवीकडं डुलता कामा नये. नकली चाकूत पहिलं-दुसरं हत्यार बरं असतं, पाचव्या-सहाव्याला पितळ उघडं पडतं. अस्सल चाकूत सगळ्यांची ‘टक्’ सारखी येते. या ब्रँडची खरी कमाई हीच आहे. सगळ्यांत स्वस्त मॉडेल आणि सगळ्यांत महाग मॉडेल, दोन्हींची पाती त्याच दर्जाची असतात.

‘३३ फंक्शन्स’चा हिशोब

आता जरा सावध व्हा, कारण पैसे इथं जातात.

‘स्पार्टन’ नावाचं ९१ मिलिमीटरचं साधं मॉडेल घ्या. जाहिरातीत लिहिलेलं असतं १२ फंक्शन्स. मोजून बघा: मोठं पातं, छोटं पातं, कॉर्कस्क्रू, कॅन ओपनर, त्याच्या टोकाला छोटा स्क्रू ड्रायव्हर, बाटलीचा ओपनर, त्याच्या टोकाला मोठा स्क्रू ड्रायव्हर, त्याच्याच खाचेत वायर सोलायची सोय, टोचा, चिमटा, दातकोरणं आणि... किचेनची रिंग. हो, रिंगसुद्धा फंक्शन म्हणून मोजलीय! खोटं कुणी बोलत नाही, पण हत्यारं सहा, त्यांची कामं मोजून, चिमटा-दातकोरणं धरून आकडा बारावर जातो.

‘स्विस चॅम्प’ या प्रसिद्ध मॉडेलवर ३३ फंक्शन्स असतात. वजन सुमारे १८५ ग्रॅम, म्हणजे जवळपास तुमच्या मोबाईलएवढं. त्यात लाकूड कापायची करवत आहे, माशाचे खवले काढायची पट्टी आहे, भिंग आहे. खवल्यांची पट्टी शेवटची कधी लागेल तुम्हाला? कोकणातलं घर असलं तरी मासे आई विळीवरच साफ करणार. जाड चाकू खिशात बोचतो, हातात नीट बसत नाही आणि शेवटी घरातच राहतो. घरी राहिलेल्या चाकूची फंक्शन्स शून्य.

याची एक जबरदस्त आठवण तुम्ही पाहिलेली असेल. डॅनी बॉयलचा ‘१२७ अवर्स’, ज्याला ए. आर. रहमानचं संगीत आहे. सुरुवातीला नायक घाईघाईत सॅक भरतोय, हात कपाटाच्या वरच्या फळीवर चाचपडतो, तिथला स्विस नाइफ बोटांना लागता लागता राहतो, आणि तो तसाच निघतो. सिनेमा ॲरन राल्स्टन या गिर्यारोहकाच्या खऱ्या अनुभवावरचा. २००३ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या एका अरुंद घळीत त्याचा हात दगडाखाली अडकला आणि शेवटी त्यानं स्वतःचा हात कापून सुटका करून घेतली. जवळ होतं ते एक स्वस्तातलं, बोथट मल्टिटूल. आता चांगला चाकू असता तर सगळं सोपं झालं असतं, असं अजिबात नाही. हाड त्यानं दगडाचा आधार घेऊन मोडलं होतं, ते कुठल्याच खिशातल्या चाकूचं काम नाही. आणि त्याची सगळ्यांत मोठी चूक चाकूची नव्हतीच. आपण कुठं चाललोय, हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. ट्रेकला निघताना कुठल्याही चाकूपेक्षा जास्त कामाचा असतो तो घरच्यांना टाकलेला एक मेसेज.

उलट बाजूचंही एक उदाहरण आहे. १९९५ मध्ये अटलांटिस हे अंतराळयान रशियाच्या ‘मीर’ स्थानकाला जोडलं गेलं, तेव्हा मध्यला दरवाजा उघडताना पट्टे आणि टेपनं घट्ट बांधलेला निघाला. कॅनडाचे अंतराळवीर ख्रिस हॅडफील्ड यांनी खिशातला स्विस चाकू काढला आणि ते कापून वाट मोकळी केली. अब्जावधींचं यान, आणि काम आलं कशाला? खिशात असलेलं एक साधं पातं.

ज्यानं माझं बोट कापलं

आता त्या पांढऱ्या रेघेकडं येऊ. मी इतकी वर्षं म्हणत होतो की नकली होता म्हणून मिटला. पण अस्सल लाल चाकू हातात घेऊन बघा: त्याच्या पात्यालाही लॉक नसतं. ५८ मिलिमीटरचा किचेनवाला असो की ९१ मिलिमीटरचा, पातं फक्त स्प्रिंगेच्या दाबावर उघडं राहतं. पाठीमागून पुरेसा जोर आला की तेही मिटणार. माझा नकली चाकू लवकर मिटला असेल, कारण त्याची स्प्रिंग ढिली होती. पण टोक गाठीत खुपसून मी जो जोर लावला, तसा लावला असता तर खऱ्या चाकूनंही माझी गय केली असती का? खात्रीनं ‘हो’ म्हणता येणार नाही.

म्हणून या चाकूचा पहिला नियम: यानं कापायचं, खुपसायचं नाही. धारेच्या दिशेनं दाब दिला तर पातं आणखी उघडायच्याच बाजूला ढकललं जातं, म्हणून ते सुरक्षित. टोकानं उकरलं, टोचलं, फिरवलं की ते मिटायच्या बाजूला जातं. भोक पाडायचं असेल तर टोचा आहे, पण तोही मिटू शकतो, तेव्हा बोटं त्याच्या वाटेत नकोत. गाठ सोडवायची असेल तर टोचा हळूच घालून सैल करायची, नाहीतर सरळ दोरी कापायची. दोरी पन्नास रुपयांची असते.

लॉक हवंच असेल तर याच कंपनीचे १११ मिलिमीटरचे आणि त्याहून मोठे बरेचसे चाकू लॉकवाले आहेत. किंवा फ्रान्समधला ‘ओपिनेल’ बघा. १८९० पासूनचा ब्रँड, लाकडी मूठ, आणि १९५५ पासून पात्याच्या मुळाशी फिरवायची एक धातूची रिंग, तीच त्याचं लॉक. व्हिक्टोरिनॉक्सच्या बऱ्याच मॉडेल्सपेक्षा स्वस्त आणि कापायला झक्कास. पण सह्याद्रीच्या पावसात लाकूड फुगतं आणि पातं मुठीत अडकून बसतं. शिवाय कार्बन स्टीलचं पातं घेतलंत तर एका ओल्या रात्रीत तांबेरा दिसेल.

गंमत म्हणजे लॉक नसणं हा सगळीकडं तोटाच असतो असं नाही. मास्टर्ससाठी ब्रिटनला निघालेल्या मित्रमैत्रिणींनो, हे लक्षात ठेवा: तिथल्या कायद्यात लॉक नसलेला आणि तीन इंचांपर्यंत धारेचा घडीचा चाकू सार्वजनिक ठिकाणी जवळ ठेवायला चालतो. लॉकवाला असेल तर योग्य कारण द्यावं लागतं.

आपल्याकडं खिशात चालतो का?

हे कुणी सांगत नाही, म्हणून नीट वाचा. भारतात शस्त्र कायद्याच्या नियमांनुसार ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या चाकू-सुऱ्या-तलवारी परवान्याच्या कक्षेत येतात. घरगुती, शेतीच्या कामाची हत्यारं त्यातून वगळली आहेत. आपला लाल चाकू त्या मापाच्या कितीतरी खाली. पण म्हणून ‘कायदेशीर आहे’ म्हणत तो कुठंही काढायचा नाही. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली सण, निवडणुका, तणावाच्या काळात मनाई आदेश निघतात आणि त्यात चाकू बाळगायलाही बंदी घालता येते. विमानात केबिन बॅगेत चालत नाही, चेक-इनमध्ये टाका. मेट्रोच्या तपासणीतही अडवू शकतात.

आणि कॉलेजमध्ये? नेऊच नका. टूल म्हणून आणला असं तुम्ही म्हणाल, पण कॅन्टीनमधल्या बाचाबाचीत कुणाच्या खिशात चाकू सापडला तर ते स्पष्टीकरण कुणी ऐकणार नाही. स्वतःच्या संरक्षणासाठी तर मुळीच घेऊ नका. लॉक नसलेला, दोन्ही हातांनी उघडावा लागणारा चाकू भांडणात समोरच्याआधी तुमचीच बोटं कापेल.

या बदलत्या जगाचा फटका कंपनीलाही बसलाय. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर विमानतळांवर खिशातले चाकू जप्त व्हायला लागले आणि विक्री एकदम कोसळली. तेव्हा कंपनीनं लोकांना कामावरून काढलं नाही. सुट्ट्या घ्यायला लावल्या, काही कामगार शेजारच्या कंपन्यांत तात्पुरते पाठवले. कंपनीची मालकी शेअर बाजाराकडं नाही, जवळपास सगळे शेअर्स दोन फाउंडेशन्सकडं आहेत. अशा वेळी थांबायला त्याचा उपयोग होतो. २०२४ मध्ये तर पातंच नसलेल्या खिशातल्या टूलवर काम चालू असल्याचं कंपनीनं सांगितलं. चाकूवाल्यांनी चाकूशिवायच्या दिवसांची तयारी करावी, यातच सगळं आलं.

मग घ्यायचा की नाही?

माझं उत्तर असं. नाव खरं आहे, पण ते ज्यासाठी मिरवलं जातं त्यासाठी नाही. जगातलं सर्वांत भारी पोलाद म्हणून घेणार असाल तर निराश व्हाल. सैन्याचा चाकू म्हणून घेणार असाल तर तो तुमच्या हातात नाहीच. ३३ हत्यारांसाठी घेणार असाल तर २५ कधी उघडणार नाहीत. हे नाव कमावलंय ते कंटाळवाण्या गोष्टींनी: प्रत्येक स्प्रिंग सारखी, प्रत्येक भागाचं पोलाद त्याच्या कामापुरतं, आणि बिघडल्यावर दुरुस्त होण्याची सोय. चिमटा हरवला, दातकोरणं तुटलं, कात्रीची चिमुकली स्प्रिंग गेली, तर ती वेगळी मिळते आणि घरी बसवता येते. बनावटीतल्या दोषावर आयुष्यभराची हमी आहे. मात्र झिजणं आणि चुकीचा वापर त्यात येत नाही. पात्यानं बरणीचं झाकण उचकटलंत आणि टोक तुटलं, तर ते तुमच्या खात्यावर.

त्याच नावाच्या बॅगा, घड्याळं, परफ्यूमही मिळतात. ते चांगले असतील, पण त्यांची परीक्षा वेगळी घ्या. चाकूनं कमावलेलं नाव बॅगेच्या चेनला आपोआप लागू होत नाही.

घ्यायचाच असेल तर हे बघा:

फक्त एकच घ्यायचा असेल तर ५८ मिलिमीटरचा ‘क्लासिक’ बहुतेकांना पुरतो. छोटं पातं, कात्री, कानस, चिमटा, वजन वीस-बावीस ग्रॅम. कात्रीच सगळ्यांत जास्त वापराल, लिहून ठेवा. नियमित ट्रेक करणार असाल तर ९१ मिलिमीटरचं दोन-तीन थरांचं मॉडेल घ्या, शक्यतो कात्रीवालं. त्याहून जाड नको.

अधिकृत विक्रेत्याकडून, बिलासकट घ्या. मोठ्या पात्याच्या मुळाशी कंपनीचं नाव आणि ‘स्विस मेड’ स्वच्छ कोरलेलं असतं. प्रत्येक हत्यार उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

‘स्टेनलेस’ म्हणजे कधीच न गंजणारं नव्हे. लिंबू, कैरी कापल्यावर धुऊन पुसा. कोकणातल्या खाऱ्या हवेत तर नक्कीच. सांध्यात कांदा अडकला, तर कोमट पाण्यात हत्यारं चार वेळा उघडा-मिटा करा, वाळवा आणि सांध्यात तेलाचा एक थेंब सोडा.

आणि बजेटच नसेल तर? बिनधास्त घरातला भाजीचा छोटा चाकू पुठ्ठ्याच्या म्यानात घालून सॅकमध्ये टाका. वीस जणांच्या खिचडीचा कांदा त्यानंच पटापट चिरून होतो, लाल चाकूनं नाही. त्याचं पातं मिटतच नाही, त्यामुळं बोटावर मिटायचा प्रश्न नाही. फुटपाथवरचा क्रॉसवाला मात्र नको. तो ना धड चाकू, ना धड स्वस्त. माझा दीडशेचा होता, टाक्यांचे पैसे वेगळे.

मी पुढं पहिल्या पगारातून एक अस्सल, साधा, दोन थरांचा चाकू घेतला. पहिल्याच ट्रेकला ओली दोरी परत अडकली. पातं उघडलं, टोक गाठीकडं नेलं आणि बोटावरची पांढरी रेघ दिसली. चाकू फिरवला, धार दोरीवर ठेवली आणि कापून टाकली.